सलीका आणि एक जास्तीचा शर्ट

जुलैतली गोष्ट. आमच्या शाळेत नव्याने रुजू झालेली एक तरुण शिक्षिका पहिल्याच आठवड्यात तीन वेळा भिजून आली. तिसऱ्या दिवशी तिची ओढणी एका बाजूने चिखलाने भरलेली, पिशवीतल्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली आणि टाचणवही घरीच राहिलेली. स्टाफरूममध्ये पंख्याखाली उभी राहून ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्हीही त्याच लोकलने येता. मग तुम्ही अशा कशा येता?"

मला हसू आलं. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात माझी अवस्था तिच्याहून वाईट होती. मधल्या सुट्टीत डबा खाताना मी तिला माझ्या सगळ्या युक्त्या सांगितल्या. त्यात काही मोठं नव्हतं. सगळं सामान शंभर-दीडशे रुपयांच्या आत येतं, आणि रोज रात्री दहा मिनिटं लागतात. तिने चक्क वहीत लिहून घेतलं. एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही, सांगायला लाज वाटली. ती इथे शेवटी लिहिणार आहे.

आधी युक्त्या.

मावळात राहणाऱ्याला पावसाबद्दल काही सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि लोणावळ्यात त्याच्या पाच-सहा पट. आमचं वडगाव या दोघांच्या मधे. माझी शाळा लोणावळ्याच्या दिशेला, म्हणजे लोकलमध्ये बसलं की कान्हे, कामशेत करत गाडी जशी घाटाकडे सरकते तसा पाऊसही वाढत जातो. घरून निघताना रिमझिम असते, उतरताना धो-धो. एक लोकल चुकली तर पुढच्या गाडीची वाट बघण्यात पहिला तास जातो. त्यामुळे सकाळी कपाटासमोर उभं राहून "आज काय घालू" असा विचार करायला माझ्याकडे वेळच नसतो.

अम्मी या सगळ्याला 'सलीका' म्हणायची. शब्द मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ उपजत स्वभाव असा काहीसा होतो. उर्दूत येईपर्यंत तो कामातली आणि वागण्यातली रीत झाला. मराठीत त्याच्या जवळचा शब्द टापटीप. सलीका नसलेल्या मुलीला उर्दूत 'फूहड' म्हणतात आणि मराठीत 'गबाळी'. लहानपणी हे दोन्ही शब्द माझ्या वाट्याला आले, पहिला घरात आणि दुसरा शाळेत. बहुतेक म्हणूनच पुढे मी दोन्ही भाषांची शिक्षिका झाले असेन.

आमच्या घरी इस्त्री नव्हती. अम्मी पितळी लोट्यात चुलीतले निखारे भरायची आणि त्याच्या बुडाने अब्बांचा जुम्म्याचा सदरा दाबायची. आम्हा भावंडांचे गणवेश नीट घडी घालून रात्री गादीखाली जायचे. त्यावर आम्ही झोपायचो आणि सकाळी घडी मोडलेली नसायची. "पैसा नहीं तो क्या हुआ, सलीक़ा तो है," असं ती म्हणायची. ते वाक्य मी फार वर्षं जसंच्या तसं खरं मानलं.

तर पहिली युक्ती रात्रीची. इशाची नमाज झाली की दहा मिनिटं उद्यासाठी. एका हँगरवर उद्याची पूर्ण जोडी लावायची. कमीज, सलवार, ओढणी, आणि ओढणीलाच अडकवलेल्या दोन पिना. पूर्ण जोडी म्हणजे पूर्ण. सकाळी एक पीन शोधण्यात जो वेळ जातो तो कमीज शोधण्यातही जात नाही. पिशवी भरून दाराशी ठेवायची, आणि पास, चष्मा, किल्ली रोज त्याच कप्प्यात. ज्यांना नमाजची सवय नाही त्यांनी रात्रीचं जेवण, औषध, टीव्हीवरची मालिका, जे काही रोज न चुकता होतं त्याला हे काम बांधून टाकावं. "वेळ मिळेल तेव्हा करू" असं ठरवलेलं काम होत नाही. रोजच्या कामाच्या शेपटाला बांधलेलं होतं.

दुसरी गोष्ट कपड्यांची. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बायकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, पुरुषांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला, जीन्स-टीशर्ट नको, भडक नक्षी नको. तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. मला फरक पडला नाही, कारण माझ्याकडे मुळात पाचच जोड्या होत्या आणि त्या साध्याच होत्या. युक्ती एवढीच की पावसाळ्याच्या चार महिन्यांत सलवार गडद रंगाची. वर कमीज कोणतीही चालते, चिखल गुडघ्याच्या वर क्वचित येतो. दोन ओढण्या अशा रंगाच्या घ्यायच्या की त्या पाचही जोड्यांवर चालतील. मग एक भिजली तरी दिवस अडत नाही.

चिखलाचा डाग ओला असताना पुसायचा नाही. पुसला की तो कापडात मुरतो. वाळू द्यायचा आणि मग जुन्या टूथब्रशने झटकायचा, नुसती माती पडते. बॉलपेनची शाई लागली तर डागाखाली जुनं फडकं धरून वरून कापसाने सॅनिटायझर टिपायचं. करोनाच्या काळातल्या बाटल्या घरात पडून असतात, त्या अशा संपतात. हळदीचा डाग साबणाने धुऊन सरळ उन्हात टाकायचा. उन्हाने हळदीचा रंग उडतो. मावळात ऊन मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडतो हा भाग वेगळा. खडूची भुकटी कधीही ओल्या हाताने पुसायची नाही, कोरड्याच हाताने झटकायची. भिजलेल्या बुटात रात्री जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सकाळपर्यंत बरंचसं पाणी शोषलं जातं. खडूचे उरलेले तुकडेही मी टाकत नाही. पिनांच्या आणि सुयांच्या डबीत दोन तुकडे ठेवते. ते ओल धरतात, पिना लवकर गंजत नाहीत. गंजलेल्या पिनेचा डाग ओढणीवर पडला की तो ओढणीबरोबरच जातो.

इस्त्री रविवारी, आठवड्याची एकदम. पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून असते तेव्हाच उरकायची. कपडे नव्वद टक्के वाळलेले असले की तेव्हाच इस्त्री फिरवायची, उरलेली ओल इस्त्रीने जाते आणि कुबट वासही येत नाही.

शाळेच्या कपाटात माझा एक डबा आहे, बिस्किटांचा जुना पत्र्याचा. त्यात पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेला काळा आणि पांढरा दोरा, त्याच पुठ्ठ्यात टोचलेली सुई, चार बटणं, सेफ्टी पिना, एक छोटा टॉवेल, सॅनिटरी पॅड, कंगवा आणि ओली छत्री ठेवायला प्लास्टिकची पिशवी. कोरड्या चपलांचा एक जोड कायम शाळेतच. भिजून आलं की पाच मिनिटांत माणूस वर्गात उभं राहण्यासारखं होतं.

पिशवी मात्र हलकी हवी. याचा धडा आमच्या गावानेच एकदा कंपनी सरकारला दिलेला आहे. १७७९ च्या जानेवारीत मुंबईहून इंग्रजांचं सैन्य घाट चढून पुण्यावर निघालं होतं. सैनिक सुमारे ३,९०० आणि सामान ओढायला १९,००० बैल. एवढा बारदाना घेऊन ते रोज थोडंथोडं सरकत राहिले. तोवर मराठ्यांनी वाटेतली रसद तोडली, चारा-धान्य जाळलं. तळेगावला पोचल्यावर मोठ्या तोफा तळ्यात टाकून त्यांना मागे फिरावं लागलं, आणि वडगावात महादजी शिंद्यांच्या सैन्याने गाठल्यावर तह करावा लागला. खांद्यावर सात किलोची पर्स घेऊन लोकलमध्ये चढणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हे नेहमी सांगते. तपासायच्या वह्या घरी नेऊ नका. एका बैठकीला जेवढ्या तपासता येतील तेवढ्याच न्या, म्हणजे दहा किंवा बारा.

वह्यांवरून आठवलं. कागद कसे लावायचे हे मी आमच्या आळीतल्या एका काकांकडून शिकले. त्यांनी तीस वर्षं मुंबईत डबे पोचवले. मुंबईच्या डबेवाल्यांतले पुष्कळसे आमच्या मावळातले आणि शेजारच्या खेड, जुन्नर, आंबेगाव, मुळशीकडचे. १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम. पुढे ते इतकं वाढलं की सुमारे पाच हजार माणसं रोज लाखाच्या वर डबे पोचवू लागली. इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स २००३ मध्ये त्यांना भेटायला चर्चगेटला आले होते. हे सगळं आपण वर्तमानपत्रात वाचलेलं असतं. पण काकांनी मला सांगितली ती गोष्ट साधी होती. "बाई, अक्षर वाचायला थांबावं लागतं. रंगाला थांबावं लागत नाही." डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेल्या दोन-चार खुणा, तेवढ्यावर डबा कुठून आला, कुठे उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर ते कळतं. दहा जणांच्या हातातून जाऊनही तो चुकत नाही. डोक्यावर पांढरी टोपी ठरलेली. गर्दीत वाट मागावी लागत नाही, टोपी बघून लोक बाजूला होतात.

दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानातून रंगीत चिकटपट्टीची चार बंडलं आणली. पाचवीच्या वह्यांना लाल, सहावीला निळी, सातवीला हिरवी, आठवीला पिवळी. कण्यावर बोटभर पट्टी लावली की झालं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर, मुलांच्या दप्तरात, माझ्या कपाटात, कुठेही गठ्ठा असो, तो कोणाचा हे लांबून दिसतं. तीच पट्टी फायलींना, तीच उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना. आमच्याकडे आणखी एक गंमत आहे. उर्दूची वही उजवीकडून उघडते आणि मराठीची डावीकडून. दोन्ही एकाच गठ्ठ्यात गेल्या की अर्ध्या वह्यांचे कणे एका बाजूला आणि अर्ध्यांचे दुसऱ्या बाजूला येतात आणि गठ्ठा घसरतो. म्हणून दोन भाषांचे दोन गठ्ठे.

टाचणवही मात्र माझी एकच. एका बाजूने मराठीची टाचणं लिहीत जाते, दुसऱ्या बाजूने उर्दूची. वर्षअखेरीस दोन्ही मधे कुठेतरी येऊन भेटतात. दोन वह्यांपैकी नेमकी नको ती घरी राहण्याचा प्रश्न संपला. उर्दूच्या तासाला मुलं मला 'आपा' म्हणतात आणि मराठीच्या तासाला तीच मुलं 'बाई' म्हणतात. तसंच आहे हे.

आता कागदपत्रं. इथे थोडं थांबून लिहिते, कारण आपल्या समाजात या बाबतीतल्या गबाळेपणाची किंमत फार मोठी आहे. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एस-एच-ए-आय-के-एच असं आहे आणि बी.एड.च्या गुणपत्रिकेवर एस-एच-ई-आय-के-एच. एका अक्षराचा फरक. शिकत असताना मला त्याचं काही वाटलं नाही, आपल्याला माहीत आहे ना आपण कोण ते! पुढे एका कार्यालयात त्या एका अक्षरासाठी माझी फाइल कित्येक महिने अडकून पडली. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, पुन्हा अर्ज, पुन्हा खेपा. प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची रजा. सेवापुस्तकात नाव सुधारून आलं त्या दिवशी मी घरी येऊन शुक्राची नमाज पढले.

तेव्हापासून माझी एकच कागदपत्रांची फाइल आहे, वीस पारदर्शक कप्प्यांची. पहिल्या कप्प्यात अनुक्रमणिका, कोणत्या कप्प्यात काय आहे त्याची. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स कायम तयार. एक झेरॉक्स दिली की त्याच दिवशी दुसरी काढून ठेवायची. मूळ कागद ओल लागणार नाही असे बंद पिशवीत, पण लॅमिनेशन नाही. पुढे त्यावर शिक्का-सही घ्यायची वेळ आली तर पंचाईत होते. आधार, गुणपत्रिका जे जे मिळतं ते डिजिलॉकरमध्ये. आणि पाकिटात एक छोटं कार्ड, त्यावर माझं पूर्ण नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच, मराठीत आणि इंग्रजीत. कुठलाही फॉर्म भरताना त्यावर बघूनच लिहायचं. स्वतःचं नाव काय बघून लिहायचं, असं वाटतं. पण त्या अतिविश्वासातच ए आणि ई ची अदलाबदल होते.

हीच सवय मी शाळेत नेली. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये जे नाव आपण लिहितो तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातं आणि तो दाखला माणसाला आयुष्यभर पुरतो. आपल्याकडे एकाच नावाची किती रूपं! मोहम्मद, मुहम्मद, महंमद, आणि घाईत असलेल्या लिहिणाऱ्याच्या हाताने नुसतं 'मो.'. पुढे त्या टिंबासाठी मुलाला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून मी जन्माचा दाखला समोर ठेवल्याशिवाय नाव लिहीत नाही. लिहून झालं की एकेक अक्षर आईला वाचून दाखवते. तिला वाचता येत असेल तर तिलाच वाचायला लावते. मग सही. दोन मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे. शिक्षकाच्या सगळ्या टापटिपीत मी या दोन मिनिटांना पहिला नंबर देईन. तिचा फायदा आपल्याला होत नाही, पंधरा वर्षांनी कुठल्या तरी खिडकीसमोर उभ्या असलेल्या एका तरुणाला होतो.

एवढं सगळं मी त्या नव्या शिक्षिकेला सांगितलं. शेवटी तिला सावित्रीबाईंची गोष्टही सांगितली. १८४८ मध्ये भिडे वाड्यातल्या शाळेत शिकवायला निघालेल्या सतरा वर्षांच्या सावित्रीबाईंवर लोक रस्त्यात शेण-चिखल फेकत, म्हणून त्या एक जास्तीची साडी बरोबर नेत आणि शाळेत जाऊन बदलत, असं सांगितलं जातं. आजारपणात माहेरी नायगावला असताना १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्यामागे तिला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. शिकवणाऱ्या बाईच्या पिशवीतली जास्तीची साडी ही आपल्याकडे इतकी जुनी गोष्ट आहे. नवी शिक्षिका हसली, म्हणाली, "मॅडम, माझ्यावर तर नुसता पाऊसच पडतोय."

आता न सांगितलेली गोष्ट.

सात-आठ वर्षांपूर्वीचा असाच जुलै. त्या दिवशी केंद्रप्रमुख शाळाभेटीला येणार होते. परिपाठाला मुलं ओळीत उभी होती आणि सहावीतला एक मुलगा मागे लपल्यासारखा उभा होता. शर्ट चुरगळलेला, अर्धवट ओला, एका बाजूला काळसर डाग, आणि जवळ गेल्यावर धुराचा आणि कुबट असा मिसळलेला वास. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "घरात इस्त्री नाही का? निदान गादीखाली तरी ठेवावा. आज पाहुणे येणार आहेत, लोक काय म्हणतील? उर्दू शाळेची मुलं अशीच असतात म्हणतील."

तो काही बोलला नाही. भेट छान झाली. माझ्या टाचणवहीचं कौतुकही झालं. तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. पत्र्याची एक खोली. छत तीन ठिकाणी गळत होतं आणि तिन्ही ठिकाणी खाली भांडी. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी आणि तिच्यावर पाच माणसांचे कपडे, एकावर एक. जमीन ओली म्हणून अंथरुणं टेबलासारख्या एका फळीवर रचलेली. गादी नव्हतीच, तिच्याखाली काय ठेवणार? मला बघताच त्याची आई उभी राहिली आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "आपा, माफ करना. कपड़ा सूखताच नहीं. मैंने चूल्हे पे पकड़ के सुखाया था, उसमें दाग़ लग गया." दुसरा शर्ट आखूड झाला होता. लोकांनी नाव ठेवू नये म्हणून मुलगा शाळेत यायला तयार नव्हता.

म्हणजे त्या शर्टामागेही कोणाची तरी रात्रीची दहा मिनिटं होती. दहा नाही, तासभर असेल. चुलीसमोर उभं राहून हातात शर्ट धरून. तोच सलीका, माझ्या अम्मीचाच. फक्त अम्मीकडे एक कोरडा कोपरा होता आणि हिच्याकडे नव्हता. "पैसा नहीं तो क्या हुआ" हे वाक्य मी इतकी वर्षं खरं मानलं होतं. ते अर्धंच खरं निघालं. सलीक्याला पैसे फारसे लागत नाहीत, पण भिंतीतला एक खिळा लागतो, न गळणारं छप्पर लागतं.

परतीच्या लोकलमध्ये मला 'लोक काय म्हणतील' हे माझं स्वतःचं वाक्य ऐकू येत राहिलं. ते वाक्य माझं आहे. डोक्यावर ओढणी घेऊन मी डब्यात चढते तेव्हा चार नजरा वर होतात हे मला माहीत आहे. माझ्या कपड्यावर डाग असला तर तो माझ्या एकटीचा राहत नाही, 'यांच्यात असंच' होतं. म्हणून मी इतकी नीटनेटकी. आवड आहेच, पण खाली भीती आहे. आणि ती भीती मी त्या दिवशी उचलून एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ठेवली.

सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. पैगंबरांनी अहंकाराविरुद्ध बजावलं तेव्हा एकाने विचारलं, माणसाला आपले कपडे आणि जोडे चांगले असावेत असं वाटतं, मग तो अहंकार झाला का? उत्तर मिळालं की नाही, अल्लाहला सौंदर्य आवडतं. अहंकार म्हणजे सत्य नाकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं. या हदीसचा पहिला भाग मी वर्गात अनेकदा सांगितला होता, स्वच्छतेच्या धड्याच्या वेळी. दुसरा भाग मुलांना कठीण जाईल म्हणून गाळत असे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याला घेऊन आले. वर्गात जाण्यापूर्वी त्याची माफी मागितली. तो इतका गोंधळला की "जी आपा" म्हणून पळालाच. जिथे ओरडले होते तिथेच, सगळ्यांसमोर, माफी मागायला हवी होती. तेवढं धैर्य त्या दिवशी झालं नाही.

त्या आठवड्यात शाळेतल्या एका कोरड्या खोलीत दोन खिळे ठोकले आणि नायलॉनची दोरी बांधली. आठवीतून बाहेर पडणाऱ्या मुलांना सांगितलं, शर्ट आखूड झाला की फेकू नका, धुऊन आणून द्या. आता तिथे एक पेटी आहे. तीत वेगवेगळ्या मापांचे सात-आठ शर्ट, काही सलवार-कमीज, एक कंगवा, एक आरसा, सुई-दोरा. नियम दोनच. कोणी काय घेतलं हे लिहून ठेवायचं नाही, आणि कोणी कोणाला विचारायचं नाही. भिजून आलेलं मूल जातं, कोरडा शर्ट घालतं, आपला दोरीवर टाकतं, संध्याकाळी बदलून घरी जातं. पावसाळ्यात त्या दोरीवर जागा शिल्लक नसते. पेटी कधी रिकामी झाली नाही. काही शर्ट परत येत नाहीत, त्याचाही आम्ही हिशोब ठेवत नाही.

हिशोब ठेवण्याची एवढी सवय असलेल्या बाईला हे आधी जड गेलं.

काल नवी शिक्षिका वेळेवर आली. गडद सलवार, पिनेने नीट लावलेली ओढणी, प्लास्टिकच्या पिशवीत टाचणवही. मला लांबूनच ती वही उंच करून दाखवली. मधल्या सुट्टीत तिला त्या खोलीत घेऊन गेले आणि पेटी उघडून दाखवली. म्हटलं, "त्या दिवशी यादीत हे राहिलं होतं. पेटीची किल्ली या खिळ्यावर असते."